सुट्टीतले हात

(द्वितीय वर्ष कला)

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की शाळेच्या पुस्तकातले एक ठरलेले चित्र डोळ्यांसमोर येते. मामाचा गाव, गर्द आमराई, विहिरीवरच्या उड्या आणि रात्री अंगणात आजीची गोष्ट. हे चित्र सुंदर आहे आणि खोटेही नाही. पण ते सर्वांचे नाही. ज्यांचा मामाही याच गल्लीत चार घरे सोडून राहतो, ज्यांच्या अंगणात दोन बाजा टाकल्या की चालायला वाट उरत नाही आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे, त्यांची सुट्टी कशी असते? सोलापूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पत्र्याखालची दुपार म्हणजे काय हे सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडून जातो आणि भिंतीला टेकायचे म्हटले तरी पाठ पोळते.

आमची गल्ली विडी कामगारांची. घराघरांतून बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. सुपात तंबाखू, टेंभुर्णीची कापलेली पाने आणि दोऱ्याची गुंडी. माझी आई गेली बावीस वर्षे विड्या वळते आहे. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे गल्लीतल्या लोकांचा माझ्याविषयी एक गोड समज आहे की मला सगळे येते. रेशनकार्डाच्या अर्जापासून औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांपर्यंत सगळे माझ्याकडे येते. असो.

मागच्या वर्षी एप्रिलअखेर कुणीतरी दारात एक रंगीत कागद टाकून गेले. ‘उन्हाळी शिबिर! हसत-खेळत शिक्षण! कागदकाम, मातीकाम, विज्ञान खेळणी!’ खाली फी छापली होती. ती फी म्हणजे आईच्या किती हजार विड्या, याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि कागदाची घडी घालून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाचे भिरभिरे झाले. आमच्या शिबिराचे उद्घाटन झाले ते असे!

भिरभिऱ्याला लागते काय? एक चौरस कागद. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कापत जायचे, पण मध्याला हात लावायचा नाही. मग एक आड एक टोक मध्यावर दुमडायचे आणि टाचणीने झाडूच्या काडीला टोचायचे. कागद आणि काडी यांच्यामध्ये एक मणी घातला की ते मोकळे फिरते. माझ्या धाकट्या भावासाठी मी एक केले, तर तासाभरात दारात अकरा मुले उभी. पाच वर्षांच्या चिमुरड्यापासून सातवी झालेल्या मुलापर्यंत. सगळ्यांचे एकच मागणे, “अक्का, मला पण!” मी म्हटले, “देणार नाही. शिकवीन.” तेव्हापासून रोज सकाळी आठ ते दहा, ऊन तापायच्या आत, आमच्या दारातल्या लिंबाखाली गोणपाट टाकून बसायचे, असा परिपाठ ठरला. नियम एकच होता. येताना हात धुऊन यायचे. तंबाखूची धूळ आमच्या गल्लीत हातालाच काय, श्वासालाही चिकटलेली असते.

साहित्य विकत आणायचे नाही हेही ठरले, कारण आणणार कोण? पण घरात शोधू लागलो तेव्हा कळले की आपण किती श्रीमंत आहोत! रद्दी होती. रिकाम्या काड्यापेट्या होत्या. औषधाच्या बाटल्या, चिंचोके, करवंट्या, कापडाच्या चिंध्या होत्या. गव्हाच्या पिठात पाणी घालून शिजवली की खळ तयार. आणि दोरा? विड्या बांधणाऱ्यांच्या गल्लीत दोऱ्याला काय तोटा!

त्याच दोऱ्याने आम्ही टेलिफोन केला. काड्यापेटीच्या दोन खणांना मधोमध भोक पाडायचे, दोरा ओवायचा आणि आतून काडीच्या तुकड्याला गाठ मारायची. एकाने गल्लीच्या या टोकाला कानाशी खण धरायचा, दुसऱ्याने त्या टोकाला बोलायचे. पहिल्यांदा कुणालाच काही ऐकू येईना. मग सातवीतल्या मुलाच्या लक्षात आले की दोरा ढिला आहे. ताणल्यावर आवाज आला. दोरा भिंतीच्या कोपऱ्याला घासला की आवाज बंद. मध्येच कुणी चिमटीत धरला तरी बंद. बोलण्याने खण थरथरतो, त्याची थरथर दोऱ्यातून पलीकडे जाते आणि पलीकडचा खण थरथरतो, हे मी सांगण्याआधीच त्यांच्या बोटांना कळले होते. ज्याच्या घरी संध्याकाळी वडिलांचा मोबाईल हातात घेण्यावरून रोज भांडण होते, तोच मुलगा दोन दिवस हा बिनबॅटरीचा फोन घेऊन फिरत होता.

काड्यापेटीतल्या काड्याही वाया गेल्या नाहीत. काड्यांची टोके खरवडून काढायची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे करून सांध्याला वापरायचे, ही युक्ती मी अरविंद गुप्ता यांच्या लेखनातून शिकले. आयआयटी कानपूरला शिकलेले हे गृहस्थ 1978 साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेव्हापासून कचऱ्यातून खेळणी करीत आले. पुढे पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीने आम्ही चार काड्यांचा चौकोन केला. बोटाने दाबला की तो कलंडतो आणि चेपतो. तीन काड्यांचा त्रिकोण केला. तो काही केल्या हलेना! चेपलेल्या चौकोनात पाचवी काडी तिरकी घातल्याबरोबर त्याचे दोन त्रिकोण झाले आणि तोही ताठ उभा राहिला. मग मुलांना चाळा लागला. जिथे पाहावे तिथे त्रिकोण. विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण, सायकलच्या सांगाड्यात त्रिकोण. वडिलांचा डबा द्यायला कारखान्यात गेलेला माझा भाऊ धावत परत आला आणि म्हणाला, “अक्का, छपराच्या कैचीत सगळे त्रिकोणच आहेत!” त्या छपराखाली वडिलांची उभी हयात गेली. त्या रात्री त्यांनीही जेवताना पाच काड्या हातात घेऊन पाहिल्या.

सगळ्यात मोठी गंमत झाली ती सावलीची. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे आपण सगळेच म्हणतो. पण ते रोज खरे नसते आणि बाराही वाजलेले नसतात. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांच्या डोक्यावर सूर्य वर्षातून फक्त दोनदा येतो. सोलापूरला तो दिवस मे महिन्यात 10-11 तारखेच्या सुमारास असतो आणि दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, जेव्हा आकाश बहुधा ढगाळ असते. पुण्याला तो मे महिन्यात आपल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, मुंबईला चार-पाच दिवसांनी येतो आणि दिल्लीला कधीच येत नाही. आम्ही आठवडाभर आधीपासून एक सरळ बाटली फरशीवर उभी करून तिच्या सावलीवर खडूने खुणा करीत होतो. सावली रोज दुपारी आखूड आखूड होत चालली होती. त्या दिवशी साडेबाराला थोडा अवकाश असताना बाटलीची सावली तिच्या बुडाखाली शिरली. सगळी मुले उन्हात उभी राहून आपापल्या पायांकडे पाहत होती. “अक्का, सावली चोरीला गेली!” एक जण ओरडला. मी म्हटले, “थांब, चोर परत आणून देईल.” आणि पाच-दहा मिनिटांत सावली दुसऱ्या अंगाला डोकावू लागली. भूगोलाच्या पुस्तकातले अक्षवृत्त त्या दिवशी आमच्या गल्लीतून गेले, असे मला वाटले.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येई. त्यामुळे पाण्याचे खेळ वर्ज्य होते. तरी दोन बाटल्यांचा एक प्रयोग केलाच. दोन्हींत सारखे पाणी भरून एकीला ओले फडके गुंडाळले आणि दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा ठेवल्या. तासाभराने फडक्यातल्या बाटलीचे पाणी गार लागले. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. माठ पाझरतो म्हणून गार राहतो आणि जुना झाला, त्याची छिद्रे बुजली की पाणी गार होत नाही, हे आजीने सांगितले. तिला बाष्पीभवन हा शब्द येत नाही, पण माठ कसा पारखून घ्यावा हे मात्र पक्के ठाऊक आहे.

आजीचेच पुढे ऐका. ती पाच-सहा दिवस लांबून सगळे पाहत होती. एक दिवस उठून आली आणि म्हणाली, “कागद नुसता कापता काय? भिजत घाला.” तिने रद्दी रात्रभर भिजवायला लावली. सकाळी मुलांकडून ती खलबत्त्यात कुटून घेतली आणि तिच्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या मिसळल्या. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. मग पालथ्या पातेल्यावर ओले कापड घालून त्यावर लगदा थापला. दोन दिवसांच्या उन्हात टणक पाटी तयार! तिच्या माहेरी, खेड्यात, धान्य ठेवायला अशाच पाट्या करीत. इतकी वर्षे ही विद्या तिच्या हातात होती आणि घरात कुणी विचारले नव्हते. त्या दिवसापासून लिंबाखाली दोन शिक्षिका झाल्या. माझ्यापेक्षा तिचा तास जास्त भरायचा, हे सांगायलाच हवे.

इथपर्यंत सगळे मजेचेच झाले. पण मला सांगायचे आहे ते याच्या पलीकडचे आहे.

समोरच्या घरातली एक मुलगी, चौथी झालेली, कधीच दोन तास बसत नसे. यायची, उभ्या उभ्या पाहायची आणि दहा मिनिटांत तिच्या आईची हाक यायची. तिला पाने कापायची असत. पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचे तुकडे काढायचे. जाड शिरा टाळायच्या आणि पान कमीत कमी वाया घालवायचे. सुट्टीत गल्लीतल्या बहुतेक मुलींचे हेच काम असते. मुलीने पाने कापून दिली की आई तेवढ्या विड्या जास्त वळते. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. हिशोब आहे.

एक दिवस कापून उरलेल्या वेड्यावाकड्या कागदांतून चौरस काढायचे होते. मी एका तुकड्यातून सात काढले. तिने तोच आकार दुसऱ्या कागदावर गिरवून घेतला, माप तिरके फिरवले, एकदा डोळे बारीक करून पाहिले आणि नऊ काढले. बाकीची मुले थक्क झाली. ती मात्र लाजली. ज्या कामाचे तिला कधी कुणी कौतुक केले नव्हते ते काम म्हणजे भूमिती आहे, असे मी म्हणाले तेव्हा तिने विचारले, “मग मला गणितात कमी का पडतात?” याचे उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालेले नाही.

मी तिच्या आईकडे गेले. “मावशी, सकाळचे दोन तास पाठवा तिला.” मावशी विडी वळता वळता म्हणाल्या, “तुझं खरं आहे गं. पण कागद दुमडून घरात काय येतं?” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत रात्रीचे जागरण होते. कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या असतात, वाईट निघालेल्या बाजूला काढल्या जातात आणि राहिलेल्या हजारांवर घर चालते. मी गप्प उभी राहिले.

माझ्यामागून माझी आई आली होती, हे मला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, “हिला मी दहावीपर्यंत पानाला हात लावू दिला नाही. ते मी एकटीनं निभावलं. तुला एकटीला जमत नसेल तर दोघी मिळून करू. सकाळच्या दोन तासांतली तिची पानं मी कापते.”

आई यापेक्षा जास्त काही बोलली नाही. मी मात्र त्या क्षणापर्यंत समजत होते की मी हुशार होते म्हणून शिकले. माझे हात अभ्यासाला मोकळे राहावेत म्हणून दुसरे दोन हात माझ्या वाटचे काम करीत होते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या महिन्यात आई पहाटे एक तास लवकर उठत होती. ती मुलगी दोन तास पूर्ण बसत होती आणि घडीकामात तर सगळ्यांची गुरू झाली होती.

ग्रंथालयात मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी वाचले आहे. 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, खडे, पाने, फुले यांतून त्यांनी शिकवण्याची साधने घडवली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव आपण जो अंगणवाडी हा शब्द वापरतो त्याची मुळे तिथे आहेत. त्याआधी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला होता. हे सारे वाचताना माझी मान आदराने लवते. पण मनात एक प्रश्नही येतो. ज्या मुलांचे हात आधीच कामाला जुंपलेले आहेत, त्यांना पुन्हा हातांनी काम करायला शिकवण्यात नवे काय?

त्या महिन्यात मला याचे उत्तर थोडेफार सापडले. पाने कापणे हेही हातकाम आणि भिरभिरे करणे हेही हातकाम. दोन्हींना डोळा लागतो, माप लागते, धीर लागतो. फरक इतकाच की पान बिघडले तर नुकसान होते, कागद बिघडला तर काही होत नाही. कामात मूल थांबू शकत नाही, खेळात ते मध्येच थांबून ‘असे का?’ म्हणून विचारू शकते. दोरा ढिला का नको, त्रिकोण का हलत नाही, सावली कुठे गेली, हे प्रश्न निवांत हातांना सुचतात. हजाराच्या मोजणीत बोटे चालतात, प्रश्न सुचत नाहीत. बिघडवण्याची मुभा ही श्रीमंतांच्या मुलांना जन्मतःच मिळते. आमच्या मुलांसाठी ती कुणाला तरी कमवावी लागते.

1986 साली बालमजुरीविरुद्ध कायदा झाला, तेव्हा मनाई केलेल्या कामांच्या यादीत विडी बनवणे होते. पण कुटुंबाच्या मदतीने घरातच चालणाऱ्या कामाला त्यातून सूट होती. 2009 साली सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आला. कायद्यांचे मोल मोठेच. या मुलीचे नाव शाळेच्या पटावर आहे ते त्यामुळेच. पण घराचा उंबरा ओलांडून आत येणे कायद्याला जड जाते. तिथे शेजारीणच लागते.

जूनमध्ये शाळा उघडल्या. ती मुलगी पाचवीत गेली. दुपारनंतर ती अजूनही पाने कापते, हे मी लपवत नाही. एका महिन्याच्या कागदकामाने कुणाचे नशीब पालटत नाही. पण तिच्या दप्तरात काड्यांचा एक पाच सांध्यांचा मनोरा आहे आणि भूमितीचा धडा आला तेव्हा तिने वर्गात हात वर केला, असे माझा भाऊ सांगत आला. पहिला पाऊस पडल्यावर उकिरड्यावरच्या आंब्याच्या कोयी उगवल्या, तेव्हा त्या दगडावर घासून पुंगी कशी करायची हे तिने स्वतः लहानांना शिकवले. मला कुणी बोलावलेही नाही! चार दिवस गल्लीत कान बधिर करणारा आवाज चालू होता आणि आजी तेवढी खूश होती.

या अंकाचे वाचक असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींपैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीकडे निघालेले आहेत. सुट्टीत आपण आपापल्या गावी, वस्तीत, वाडीत जाऊ. तिथे कुणाच्या हातात विळा असेल, कुणाच्या हातात धाकटे भावंड, कुणाच्या हातात कात्री. शिबिर भरवण्यासाठी सभागृह लागत नाही, बॅनर लागत नाही, फी तर मुळीच लागत नाही. रद्दी, दोरा, खळ आणि दोन तास एवढेच लागते. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठल्याही घरात सापडतात. दोन तास मात्र कुणीतरी आपल्यातले काढून द्यावे लागतात.